भागोजीशेठ कीर : गावाचे देणे मानणारा कंत्राटदार

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना किरकोळ फेरफार केले आहेत.)



बक्षीस समारंभाला पाहुणा बोलावला की त्याने परीक्षेत पहिला नंबर कसा काढावा हे सांगावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ते मी सांगणार नाही, कारण मी स्वतः कधी पहिला आलो नाही. माझी सारी उमर बांधकामावर गेली. प्रथम मजुरांची हजेरी मांडणारा कारकून म्हणून, पुढे सुपरवायझर म्हणून. आधी मुंबईत आणि नंतर बारा वर्षे आखातात. तेव्हा मला जे थोडेफार कळते ते चिरा, रेती, सिमेंट आणि कंत्राट यांतलेच. म्हणून आज आपणापुढे मी एका कंत्राटदाराचीच हकीकत ठेवणार आहे. हा कंत्राटदार आपल्याच रत्नागिरीचा. त्याचे नाव भागोजी बाळूजी कीर.

नाव आपल्या कानांवरून गेले असेल. रत्नागिरीच्या विधी महाविद्यालयाला त्यांचे नाव दिलेले आहे. परंतु ते कोण होते असे विचारले तर? गेल्या आठवड्यात मी याच शाळेच्या फाटकाशी चार मुलांना विचारले. तिघे गप्प राहिले, चौथा म्हणाला, "मोठे वकील असतील." मुलाचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. कॉलेज कायद्याचे, तेव्हा नाव वकिलाचे! पण भागोजीशेठ वकील नव्हते. त्यांचे शिक्षणही फारसे झालेले नव्हते.

त्यांचा जन्म १८६७ सालचा, रत्नागिरीतल्या एका गरीब भंडारी घरातला. भंडारी म्हणजे परंपरेने माडाच्या झाडावर चढून माडी काढणारा, दर्याशी आणि वाडीशी नाते असलेला समाज. याच गावात अकरा वर्षे आधी, १८५६ साली, लोकमान्य टिळक जन्मले होते. टिळकांचे वडील शिक्षक, पुढे शिक्षणखात्यातले अधिकारी. त्यांची बदली झाली आणि १८६६ साली ते कुटुंब पुण्याला गेले. म्हणजे ज्या वर्षी एक हुशार मुलगा गावातून पुण्याच्या शाळेकडे गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी हा दुसरा मुलगा जन्माला आला. गाव एकच, पण एकाच्या घरात पुस्तकांचे कपाट आणि दुसऱ्याच्या घरात चुलीची विवंचना. या दोन घरांतले अंतर किती मोठे असते, हे इथे बसलेल्या पालकांना मी सांगावे असे नाही.

भागोजी लहानपणीच पोटासाठी मुंबईला गेले. त्या काळी धड रस्ता नव्हता, आणि रेल्वेचे म्हणाल तर कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. कोकणच्या माणसाची मुंबईची वाट समुद्राची. इथे जे माझ्या वयाचे आहेत त्यांना मांडवी बंदरावरची बोट आठवत असेल. बोट दूर उभी राहायची, पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत जायचे, ट्रंक वर घेताना खलाशाची आरोळी, डेकवर चटई पसरायची धांदल आणि रात्रभर ओकाऱ्या. मी आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो, तेव्हा भाऊच्या धक्क्यावर उतरलो आणि पाय जमिनीवर असूनही जमीन हलतच होती. पुढे कळले की तो धक्का ज्याच्या नावाने आहे तो भाऊ, म्हणजे भाऊ अजिंक्य, हासुद्धा बांधणाराच. आपल्या किती पिढ्यांचे मुंबईतले पहिले पाऊल त्याच्या कामावर पडले, आणि त्याचे नाव आपण नुसता पत्ता सांगावा तसे घेत आलो. असो. ती बोट बंद होऊन आता बरीच वर्षे झाली.

मुंबईत भागोजी सुतारकामात शिरले. आज कोणा मुलाला "सुतारकाम शीक" म्हटले तर आईचा चेहरा उतरतो. पण सुतारकाम म्हणजे काय ते मी पाहिले आहे. रंधा मारून फळी सपाट करणे हा त्यातला सोपा भाग. गुण्या लावून काटकोन पाहणे, ओळंबा सोडून उभी रेषा तपासणे, लाकूड ओले आहे की मुरलेले ते नुसत्या हाताने ओळखणे, हे शिकायला वर्षे जातात. ज्याची नजर अशी तयार झाली त्याला इमारत कुठे चुकते आहे ते नकाशा न उघडताही दिसते. भागोजींची नजर अशी तयार झाली असली पाहिजे. कारण पुढे ते पालनजी मिस्त्रींच्या कंपनीच्या कामांवर आले आणि तिथून त्यांचे नशीब फळले. लिटलवुड पालनजी या नावाने १८६५ साली सुरू झालेली ही पारशी कंपनी, पुढे शापूरजी पालनजी म्हणून सर्वांना माहीत झाली. मलबार हिलवरचा पाण्याचा मोठा हौद, १९३७ साली उभे राहिलेले ब्रेबर्न स्टेडियम, ही तिची कामे. अशा कंपनीच्या सोबतीने आमचा रत्नागिरीकर कंत्राटदार म्हणून मोठा होत गेला.

कामगाराचा कंत्राटदार कसा होतो, हे पुस्तकात लिहिलेले नसते, म्हणून दोन शब्द सांगतो. पहिली गोष्ट, टोळी उभी करता आली पाहिजे. गवंडी, पाथरवट, सुतार, बिगारी, वेगवेगळ्या गावची आणि जातीची माणसे एका कामावर नांदवता आली पाहिजेत. दुसरी, शनिवारचा पगार शनिवारीच वाटता आला पाहिजे. मालकाचे बिल तीन महिने अडकले तरी मजुराला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचे नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मी भल्याभल्यांना जमताना पाहिली नाही, ती म्हणजे झाकले जाणारे काम चोख करणे. पाया भरला की वरून माती येते. सळई बांधली की वरून काँक्रीट येते. आत काय आहे ते फक्त करणाऱ्याला ठाऊक. माझ्या नोकरीत एका ठिकाणी मला सांगितले होते, "दिसत नाही ना, मग कशाला?" त्या साहेबाचे नाव घेत नाही, पण ते वाक्य मला अजून टोचते. ज्याच्यावर पुन्हा पुन्हा काम सोपवले जाते, त्याच्या झाकलेल्या कामाची खात्री पटलेली असते. या धंद्यात शिफारसपत्र म्हणतात ते हेच.

पैसा आला. आता पैसा आलेल्या माणसाने काय केले ते पाहू, कारण माझ्या मते माणूस तिथून कळायला लागतो.

मुंबईत दादरला, शिवाजी पार्कच्या कडेला समुद्राकाठी त्यांनी जमीन विकत घेतली आणि ती स्मशानभूमीसाठी दिली. आजही ती भागोजी कीर यांच्या नावाने ओळखली जाते. तिला लागूनच चैत्यभूमी आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या त्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. मित्रहो, बांधकामाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला या दानाचे नवल वाटते. जागेचा भाव कसा चढतो हे कंत्राटदाराइतके कोणाला कळते? दादर-माहीमच्या बाजूला नवी वस्ती वाढत होती, शिवाजी पार्कचे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले होते. अशा ठिकाणी समुद्राच्या तोंडावरची जमीन हातात असलेला माणूस तिथे चाळी बांधू शकला असता, बंगले बांधू शकला असता. त्याने ती मेलेल्यांसाठी देऊन टाकली.

हे दान आपल्या समाजाला समजायला अवघड जाऊ नये. मुंबईत कबरस्तानाच्या जागेची काय टंचाई आहे ते ज्यांच्या घरचा माणूस तिथे गेला त्यांना विचारा. मयत घरात, आणि घरातले पुरुष जागेसाठी फोन करताहेत. मरिन लाइन्सला बडा कबरस्तान आणि चंदनवाडीचे स्मशान एकमेकांना लागून आहेत. माझ्या चुलत्यांच्या दफनाला गेलो असताना भिंतीपलीकडून चितेचा धूर येत होता, आणि दोन्हीकडे लोक रूमाल डोक्यावर ठेवून सारख्याच मुद्रेने उभे होते. जिवंतपणी माणसाला घर मिळाले नाही तर तो भाड्याच्या खोलीत, कोणाच्या ओट्यावर, कुठेतरी भागवतो. मेल्यावर भागवता येत नाही. ही गरज ज्याला दिसली, त्याची गरिबी तो विसरला नव्हता असे मी समजतो.

आळंदीला त्यांनी धर्मशाळा बांधली. मुंबईचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. परक्या गावात पाठ टेकायला जागा मिळणे म्हणजे काय, ते तिथे उतरलेल्याला वेगळे सांगायला नको.

आणि आता रत्नागिरी. मुंबईत नाव झाल्यावर गाव सुटते, हा आपला नेहमीचा अनुभव. भागोजीशेठचे सुटले नाही. किल्ल्याकडे जाताना लागणारे भागेश्वराचे मंदिर त्यांनी बांधले, आणि गावात पतितपावन मंदिर. या दुसऱ्या मंदिराबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे.

त्या काळी देवळांची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. अस्पृश्य मानलेल्यांना बाहेर थांबावे लागे, आणि इतर कित्येक जातींनाही एका ठराविक जागेपलीकडे जाता येत नसे. स्वा. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असे देऊळ असावे, ही त्यांची चळवळ. देऊळ बांधण्याचा भार भागोजीशेठनी उचलला. मार्च १९२९ मध्ये शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी मंदिर खुले झाले. सावरकरांच्या राजकारणाविषयी आपल्या समाजात काय भावना आहेत ते मला ठाऊक आहे, आपणांसही ठाऊक आहे, आणि आजचा विषय तो नव्हे. ते मंदिरही आपल्या इबादतीची जागा नव्हे. मी तिकडे पाहतो ते गवंड्याच्या नजरेने. ज्या जातीला दारात अडवत, त्या जातीत जन्मलेला माणूस पैसा कमावतो. मग त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पैशाच्या जोरावर एकट्यापुरते दार उघडून घ्यावे. श्रीमंतासाठी दारे उघडतातच. किंवा आपल्या गावात, स्वतःच्या खर्चाने, असे दार बसवावे की आपल्यापेक्षाही ज्यांना जास्त अडवले जाते ती माणसे त्यातून आत जातील. भागोजीशेठनी दुसरी वाट धरली.

जरा विचार करून पाहा. स्मशान, धर्मशाळा, उघडे दार. यांतले एकही विकता येत नाही. आज रत्नागिरीत चारी बाजूंना इमारती उठताहेत. जाहिरातीत समुद्र दाखवतात, स्वयंपाकघरातल्या फरश्या दाखवतात. मी त्याला नावे ठेवत नाही; लोकांना घरे पाहिजेत, आणि त्यावर माझे पोट भरले आहे. पण सदनिका विकून बिल्डर निघून जातो आणि पहिल्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, तेव्हा मला हा जुना कंत्राटदार आठवतो. नफा त्यानेही घेतला. मात्र नफ्याचा हिशेब झाल्यावर गावाचा हिशेब त्याने वेगळा काढला.

आपल्यातही अशी माणसे झाली आहेत, हे मुलांनी विसरू नये. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजींच्या बरोबरीने उभे होते ते महंमद अली रोगे, कोकणी मुसलमान, नाखुदांच्या घराण्यातले. जहाजांवर मिळवलेला पैसा शाळेत आला. भिवंडीला कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. आपल्या रत्नागिरीत मिस्त्री हायस्कूल आहे. मिस्त्री हा शब्दच मुळी कारागिराचा. शाळेच्या पाटीवर तो रोज दिसतो आणि तरीही आपण मुलाला म्हणतो, "अभ्यास कर, नाहीतर मिस्त्री होशील."

आता एक शंका. हे भाषण तयार करीत असता माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, भागोजीशेठ शिकले नव्हते तरी मोठे झाले. मग आम्हांला का शिकवता?" प्रश्न रास्त आहे, इथल्या काही मुलांच्या मनातही आला असेल. मी त्याला म्हटले, बाबा रे, त्याच काळात कोकणातून हजारो मुले मुंबईला गेली. कोणी गोदीत राबली, कोणी गिरणीत, कोणी बोटीवर कोळसा ओढत. त्यातल्या एकाचे नाव मी आज सांगतो आहे. उरलेल्यांची सांगता येतील का? एक जण तरला म्हणून पोहायला शिकू नये असे होत नाही. आणि आजचे कंत्राट हाताच्या नजरेवर मिळत नाही. निविदा भरायची, नकाशा वाचायचा, लोखंडाचा हिशेब काढायचा, कराचे कागद ठेवायचे. शाळेशिवाय हे होत नाही. आखातात मी पाहिले आहे, आपल्या कोकणातला उत्तम गवंडी उन्हात उभा, आणि त्याला कामात काही शिकवू न शकणारा पण ड्रॉइंग वाचता येणारा पोरगा सावलीत उभा. पगारात तिपटीचा फरक. पालकांनो, आयटीआय आणि पॉलिटेक्निकला कमी लेखू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. डॉक्टरकीचा अर्ज फेटाळला गेल्यावर भरायचा तो फॉर्म, असे समजू नका.

दुसरी गोष्ट पालकांनाच सांगावयाची आहे, आणि ती सांगताना मी स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. आपल्या मोहल्ल्यांतून एक फेरी मारा. राजीवडा घ्या, मिरकरवाडा घ्या, आसपासची गावे घ्या. कुवेत-दुबईच्या पैशांतून बांधलेले किती बंगले बंद आहेत ते मोजा. दोन मजले, वर गच्ची, गेटला कुलूप. मालक वर्षातून एकदा, आंब्याच्या दिवसांत येतो. माणसाने आयुष्यभर उन्हात राबून घर बांधावे यात वाईट काहीच नाही, मीही बांधले. पण त्या बंद घरासमोरची पाणंद चिखलाने भरलेली असते, आणि त्याच चिखलातून तुमची-आमची मुले शाळेला येतात.

माझेच सांगतो. निवृत्त होऊन आलो तेव्हा घराभोवती जांभ्या चिऱ्याची कुंपणभिंत बांधली. चांगली सहा फूट उंच. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या, आता स्वतःची, म्हणून फार हौसेने बांधली. वरचे पावसाचे पाणी पूर्वी माझ्या आवारातून वाहत ओढ्याला जाई. भिंतीने ते अडले आणि पाणंदीत वळले. मोरी ठेवायला हवी होती. मला कळत नव्हते असे नाही. सुपरवायझर म्हणून मी दुसऱ्यांची अशी कामे नापास केली आहेत. पण आवारात पाणी नको, अंगणातली फरशी खराब होईल, असा विचार केला. तीन पावसाळे गेले. गेल्या जुलैत एक लहान मुलगी, याच शाळेची, त्या पाण्यात घसरून पडली. हात मोडला नाही, अल्लाची मेहेरबानी. तिचे दप्तर मात्र पुरे भिजले. ती रडत रडत माझ्याच ओट्यावर येऊन बसली आणि माझ्या पत्नीने तिची पुस्तके चुलीच्या वरच्या फळीवर वाळत घातली. त्या पुस्तकांत इतिहासाचे एक पुस्तक होते. ते सुकवताना मी चाळत बसलो, आणि रत्नागिरीच्या कोणा माणसाचे नाव मुलांनी ऐकायला हवे, असा विचार करता करता मला भागोजीशेठ आठवले. आजच्या भाषणाचा उगम हा असा आहे.

भागोजीशेठ १९४० नंतरच्या काळात गेले. त्यांच्याएवढी जमीन देण्याची ऐपत माझ्याकडे नाही, आपल्यापैकी बहुतेकांकडे नसेल. भिंतीला मोरी पाडण्याची आहे. हेडमास्तरांशी मी बोललो आहे. दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता माझी भिंत दोन ठिकाणी फोडून पाण्याला वाट करावयाची आहे, आणि पाणंदीच्या कडेने गटाराची ओळ धरावयाची आहे. चिरे माझे, सिमेंट माझे, एक गवंडी सांगून ठेवला आहे. नववी-दहावीच्या ज्या मुलांना ओळंबा कसा सोडतात, पाणसळ कशी धरतात आणि उतार कसा काढतात हे पाहावयाचे असेल त्यांनी यावे. पायांत चपला नकोत, बूट घालून यावे. अकरा वाजता चहा मिळेल.